बारा नंबरची हिरवी रोपं

मावशींना कुणी विचारलं, "एकट्या किती दिवस राहणार? मुलाकडे का जात नाही?" की त्यांचं उत्तर तयार असे. "जाते की! पण माझ्या ओळी कोण बघणार?" नऊ वर्षं हे उत्तर त्यांनी इतक्या जणांना दिलं होतं, की ते नुसतं निमित्त आहे हे त्या स्वतःही कधीकधी विसरत. खरं एवढंच होतं, की मुलाने त्यांना 'ये' म्हटलं नव्हतं. 'नको' असंही म्हटलं नव्हतं. तो विषय निघतच नसे, आणि ओळी होत्या म्हणून तो काढायची वेळही येत नसे.

ओळी म्हणजे टोमॅटोच्या. बियाण्याच्या कंपनीची मोठी पॉलिहाऊसं होती आणि मावशी तिथे बावीस वर्षं कामाला होत्या. तिथे जी जात तयार व्हायची ती बाजारात कुठल्याशा झोकदार नावाने विकली जाई, पण तिच्या जन्मस्थानी तिला सगळे बारा नंबर म्हणत. पॉलिहाऊसमध्ये टोमॅटो पिकवणाऱ्या बागायतदारांसाठी काढलेली ही संकरित जात. दोरीला धरून छतापर्यंत चढायची, आठ-नऊ महिने घोसांवर घोस द्यायची, आणि फळ तोडून पंधरा दिवस ठेवलं तरी अंगावर सुरकुती नाही. पण या गुणी बाईची एक खोड होती. तिचं बी तिच्यापासून धरता येत नसे. दर हंगामाला तिची आई वेगळी लावायची, बाप वेगळ्या पॉलिहाऊसमध्ये लावायचा, आणि दोघांचं लग्न हाताने लावून द्यायचं, एकेका फुलाचं.

ते लग्न लावणाऱ्या चौदा बाया होत्या आणि मावशी त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या. दुपारी आईच्या झाडावरची उद्या उमलणारी कळी हेरायची, चिमट्याने ती उघडायची आणि आतलं सगळं पिवळं, म्हणजे नर भाग, उपटून टाकायचा. मधली नाजूक काडी मात्र दुखवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीच्या टोकाला बापाच्या फुलांची पावडर लावायची, आणि काम झाल्याची खूण म्हणून फुलाखालची दोन हिरवी पाकळीपानं कात्रीने छाटायची. आत पिवळ्याचा कण जरी राहिला, तरी आई आपलं आपणच बी धरून मोकळी होते. वरून काही कळत नाही. फळ तसंच, बी तसंच.

कळतं ते तीन महिन्यांनी. प्रत्येक बाईचं बी तिच्या नावाच्या कापडी पिशवीत वेगळं ठेवलेलं असे. त्यातलं दोनशे बी ट्रेमध्ये पेरायचं. बाप जांभळ्या देठाचा होता, आई हिरव्या देठाची. लग्न नीट लागलं असेल तर रोप जांभळ्या देठाचं उगवे, आणि आईने मनमानी केली असेल तर हिरव्या. ट्रेमध्ये दोनपर्यंत हिरवी रोपं माफ होती. त्याच्या वर निघाली की ती पिशवी बाद, आणि ती बाई फुलांवरून उठून पॅकिंगच्या हॉलमध्ये. पगार तोच, बसायला खुर्ची, वर पंखा. मावशींना त्या खुर्चीची भयंकर धास्ती होती. पाकिटं मोजायला यंत्र होतं. "माझी पाकिटं कोण बघणार?" असं म्हटलं असतं तर कुणाचा विश्वास बसला असता?

आणि यंदा मावशींना नीट दिसत नव्हतं.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच उजव्या डोळ्यापुढे दूध सांडल्यासारखं झालं होतं. चष्मा बदलून पाहिला, पण पॉलिहाऊसच्या दमट हवेत त्यावर लगेच वाफ धरे आणि पावडरीच्या हातांनी तो पुसायची सोय नव्हती. शेवटी त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण वाईट नव्हता.

"मोतीबिंदू आहे, मावशी. घाबरायचं काही नाही. अर्ध्या तासाचं काम. त्याच दिवशी घरी."

"मग करून टाका," मावशी म्हणाल्या.

"गुरुवारी करतो मी ऑपरेशनं. कुठल्याही गुरुवारी या. फक्त सोबत कुणीतरी घेऊन या. कागदावर सही लागते, आणि डोळ्यावर पट्टी बांधून तुम्हाला एकटीला सोडता येणार नाही. घरी कोण असतं?"

"मुलगा आहे," मावशी म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं. तो घरी नव्हता एवढंच.

त्या रविवारी चार वाजता नेहमीप्रमाणे मुलाचा फोन आला. मावशींनी वाक्य तयार करून ठेवलं होतं: दोन दिवस येऊन जाशील का? मुलगा आधी आपल्या साहेबाबद्दल बोलला, मग पाण्याच्या टंचाईबद्दल, मग धाकटीच्या दातांबद्दल. मावशींनी मध्येच फट बघून म्हटलं, "बरं, दोन दिवस..." आणि तो म्हणाला, "दोन दिवस कसले, आई! अर्ध्या दिवसाची रजा मिळायची मारामार आहे इथे. तुझ्या ओळी काय म्हणतात?" ओळी मजेत आहेत, असं मावशींनी सांगितलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांचा हात फोनवरच होता.

दुसरं कुणी नव्हतंच का? होतं की. बाजूच्या ओळीवर रेडिओ होती. सकाळी चिमटा हातात घेतल्यापासून संध्याकाळी हात धुईपर्यंत ती बोलत असे, म्हणून तिला हे नाव पडलं होतं, आणि तिलाही ते आवडायचं. पण रेडिओला सांगितलेलं दुपारच्या जेवणापर्यंत चौदाही डब्यांत वाढलेलं असे. आणि सुपरवायझर मॅडम होती. ती विशीची असताना तिला कळी कशी धरायची ते मावशींनीच शिकवलं होतं. चारचौघांत मावशी तिला "मॅडम, तुम्ही" म्हणत आणि दोघीच असल्या की "अगं" म्हणत. तिला विचारता आलं असतं. पण मग ती सहज म्हणाली असती, "का हो मावशी, मुलगा नाही का येत?" या एका प्रश्नापेक्षा मावशींना मोतीबिंदू परवडला.

हंगाम त्यांनी हाताच्या भरवशावर काढला. बावीस वर्षांत बोटांना कळी पाठ झाली होती. पिवळं उपटलं की चिमट्याला एक हलका झटका बसतो, त्यावरून त्या ओळखत. पांढऱ्या छपरातून येणारा उजेड दुपारी इतका टोचे, की त्या डोळे मिटूनच काम करायच्या. रेडिओ म्हणाली, "बघा बघा, मावशी झोपेतसुद्धा क्रॉसिंग करतात!" सगळ्या हसल्या, मावशीही हसल्या. आत मात्र त्यांचा जीव रोज टांगणीला लागलेला असे.

फळं उतरली, बी निघालं, वाळलं, पिशव्यांत गेलं. ट्रे पेरले गेले. दहाव्या दिवशी मोजणी होती.

त्या दिवशी मावशी पहिल्या बसने आल्या. रोपांच्या शेडला कुलूप नसे. चौदा ट्रे एका रांगेत मांडलेले होते आणि त्यांच्या ट्रेवर मॅडमने जाड पेनाने 'मावशी' असं मोठ्ठं लिहिलं होतं. त्यांनी ट्रे उचलून दारातल्या उजेडात आणला आणि हातभर लांब धरला. जांभळं आणि हिरवं यांतला फरक धुक्यातूनही कळतो. त्या मोजत गेल्या. तीन. सहा. नऊ. अकरा.

अकरा हिरवी रोपं! नव्या आलेल्या पोरीच्या ट्रेमध्येसुद्धा इतकी निघत नसत.  मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि एकेक रोप उपटायला सुरुवात केली. बोटभर उंचीची, दोन-दोन पानांची रोपं. काही कष्ट पडले नाहीत. अकराही त्यांनी अंगातल्या कामाच्या कोटाच्या खिशात टाकली आणि बोटाने माती सारखी केली.

इथे त्यांचं चुकलं. मुरलेल्या लबाडाने एखाददुसरं हिरवं रोप राहू दिलं असतं. चांगल्यात चांगल्या बाईच्या ट्रेमध्येही एखादं निघतंच. पण मावशींना लबाडीची सवय नव्हती आणि चोख कामाची होती, त्यामुळे त्यांनी चोरीसुद्धा चोख केली.

"शून्य!" मॅडम मोजणी संपवून म्हणाली. "उगवण थोडी कमी आहे, पण हिरवं एकही नाही. अहो, शून्य कधी बघितलंय का कुणी? सगळ्यांनी इकडे या, बघा!" सगळ्यांनी येऊन बघितलं. रेडिओच्या ट्रेमध्ये दोन हिरवी होती. तिने मावशींच्या पाठीत धपाटा घातला. "झोपेत शून्य! मला पण झोपायला शिकवा."

मग मॅडमने त्यांना ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. "मावशी, पुढच्या हंगामात सतरा नंबर येतोय. त्याच्या आईचं बी मोजकंच आहे, आणि कळी इतकीशी, तांदळाच्या दाण्याएवढी. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची माझी हिंमत नाही. ते पॉलिहाऊस तुमचं. तुम्ही एकट्या."

तांदळाच्या दाण्याएवढी कळी. मावशींना ती दिसणारसुद्धा नव्हती. नाही म्हणायला काहीतरी कारण हवं होतं, आणि नेहमीचं कारण इथे उलटं पडत होतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी नाही गं पुढच्या हंगामाला. मुलाने बोलावलंय. कायमचंच ये म्हणतोय."

 मॅडम उठून आली आणि तिने मावशींचे दोन्ही हात धरले. "शेवटी आली म्हणायची अक्कल त्याला! मी म्हणते, नऊ वर्षं कसा राहिला हा माणूस?" तिचे डोळे भरून आले होते. म्हणजे हिने कधी विचारलं नव्हतं, पण वर्षं मोजलेली होती. 

पुढचा आठवडा मावशींच्या आयुष्यातला फार बरा आठवडा होता, आणि हे सांगताना त्यांच्याकरता वाईट वाटतं. जाणाऱ्या माणसाशी सगळेच गोड बोलतात. जेवताना त्यांचा डबा मधोमध ठेवला जाऊ लागला. ज्या बाईशी सात वर्षांत 'आज उकडतंय' याच्या पुढे बोलणं गेलं नव्हतं, तिने आपल्या नवऱ्याच्या आजारपणाचं सगळं सांगितलं. रेडिओच्या प्रश्नांना तर खळ नव्हता.

"कितवा मजला, मावशी?"

"तिसरा."

"तुम्हाला वेगळी खोली?"

"वेगळी. खिडकीची."

"आणि सून?"

"ती तर म्हणते, स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात."

"मग गेल्या गेल्या अर्धं तिला परत द्या, म्हणजे टिकेल," रेडिओ म्हणाली. मावशी मुलाच्या घरी एकदाच, चार दिवस राहून आल्या होत्या, आणि तेही बाहेरच्या कोचावर. पण शुक्रवारपर्यंत ती खिडकी त्यांना दिसायला लागली होती. खिडकीत ऊन कुठून येतं, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

शनिवारी निरोप झाला. सगळ्यांनी मिळून चाकांची एक मोठी बॅग दिली. मॅडमने भाषण करायला घेतलं आणि दोन वाक्यांतच संपवलं. मावशींनी "येते" म्हटलं आणि रिकामी बॅग घेऊन बसमध्ये बसल्या. आपण या माणसांना फसवलं याची लाज त्यांना वाटत होती, आणि आता ही माणसं परत दिसणार नाहीत याचं दुःख त्या लाजेहून मोठं होतं.

रविवारी चार वाजता फोन वाजला. या वेळी मावशींनी साहेब, पाणी, दात यांतलं काही येऊ दिलं नाही. "ऐक, मी तिकडे राहायला आले तर?"

 "ये ना," मुलगा म्हणाला. "म्हणजे यायलाच हवंस तू. फक्त आत्ता लगेच... हिची आई आलीय ना इथे, आजारी आहे, तिलाच आतली खोली दिलीय. पुढच्या वर्षी मोठं घर बघतोय आम्ही, तेव्हा नक्की. काही झालंय का, आई?"

"छे, काय व्हायचंय? मी आपलं सहज विचारलं. मला तरी कुठे सवड आहे?"

"हो, तुझ्या ओळी!" तो म्हणाला. त्याच्या आवाजातला सुटकेचा भाव मावशींना स्वच्छ ऐकू आला. कान अजून शाबूत होते. मावशी रडल्या नाहीत असं लिहायला मला आवडलं असतं, पण त्या रडल्या, चांगल्या हमसून रडल्या, आणि समजूत घालायला कुणी नसल्यामुळे आपल्या आपणच थांबल्या.

सोमवारी पाचला जाग आली. अंघोळ झाली, चहा झाला, साडी नेसून झाली, आणि मग ध्यानात आलं की जायचं कुठेच नाही. त्या पलंगावर बसल्या. कंपनीतल्या लोकांच्या हिशेबी त्या मुलाकडे होत्या. मुलाच्या हिशेबी त्या ओळींवर होत्या. आत्ता इथे, या पलंगावर आपण आहोत, हे जगात एकाही माणसाला ठाऊक नाही, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्या घाबरल्या.

त्याच वेळी दुसरी गोष्टही आठवली. आज पिशव्या ओतायच्या. मोजणीत पास झालेलं सगळ्यांचं बी सोमवारी एका पिंपात एकत्र करतात. त्यांचंही होणार. मग कुठला तरी बागायतदार ते एकेक बी कुंडीत लावणार. कोवळ्या रोपाचा देठ बघायला त्याला कुणी शिकवलेलं नसणार. प्रत्येक रोपाला दोरी बांधणार, दर आठवड्याला ते वर चढवणार, महिनोन् महिने वाट बघणार. आणि मावशींच्या बियांतल्या दर वीस झाडांमागे एक झाड नुसत्या आईवर गेलेलं, गोटीएवढी फळं देत उभं राहणार. तो स्वतःलाच दोष देईल, माझंच काही चुकलं म्हणेल. मावशींनी चपला घातल्या.

बियाण्याच्या खोलीत मॅडम पिंपाजवळ उभी होती आणि रेडिओ पिशव्यांची तोंडं सोडत होती. मावशींना दारात बघून दोघी थबकल्या.

"अगंबाई! गाडी चुकली की काय?" रेडिओ म्हणाली.

"माझी पिशवी ओतू नका," मावशी म्हणाल्या. "ओतली का?"

"नाही अजून. का?"

"अकरा हिरवी होती. मी उपटली. मोजणीच्या दिवशी सकाळी येऊन."

मॅडमला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला. "तुम्ही? मावशी, तुम्ही? मी ते शून्य वर कळवलंय! तुमच्या नावाने कळवलंय! कळीत कण राहिला तर सांगून टाकायचा, लपवायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?"

"मी."

"आणि मुलाकडे जाताजाता हे करून चाललात?"

"मुलाकडे नाही चालले. त्याने बोलावलेलं नाही. कधीच बोलावलं नव्हतं." हे वाक्य नऊ वर्षं आत बसलं होतं. ते बाहेर आलं तेव्हा अगदी लहानसं निघालं. "मला दिसत नाही गं. मोतीबिंदू आहे. हंगामाच्या आधीपासून."

"मग ऑपरेशन का नाही केलंत? हल्ली काय असतं त्यात?"

"सोबत कुणीतरी लागतं," मावशी म्हणाल्या.

 रेडिओसुद्धा गप्प होती, आणि हे त्या कंपनीत यापूर्वी घडलं नव्हतं. मॅडमने मावशींची पिशवी ओढून घेतली, तिच्यावर जाड पेनाने 'बाद' लिहिलं आणि ती कोपऱ्यात टाकली.

"वर सगळं खरं कळवणार आहे मी," ती म्हणाली. "ओळी गेल्या तुमच्या. डोळा बरा झाला तरी गेल्या. पॅकिंगला घेतील की नाही, तेही मला माहीत नाही."

"बरोबर आहे."

"ऑपरेशनं कधी असतात?"

"गुरुवारी."

"मग या गुरुवारी आठ वाजता तयार राहा. मी येते. तुमच्याशी बोलणार नाही मी. सही करीन, घरी आणून सोडीन, पण बोलणार नाही."

"मग मलाही यावं लागेल," रेडिओ म्हणाली. "तिथे कुणीतरी बोलायला नको का?"

'नको, मुलगा येईल' हे वाक्य सवयीने मावशींच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आठला तयार राहते."